आजोबांचा फेटा हिरवा का मारतो?

बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी, पितृपंधरवडा जवळ आला की फोटो स्टुडिओत एक काम हमखास येते. गिऱ्हाईक प्लॅस्टिकच्या पिशवीतून कोपरे दुमडलेला, पिवळा पडलेला फोटो काढते आणि सांगते, "एवढा मोठा करून द्या. हार घालायचाय." फोटोत आजोबा असतात. पांढरा फेटा, अंगात कोपरी, उन्हाने रापलेला चेहरा. स्टुडिओवाला फोटो स्कॅन करतो, भेगा आणि डाग पुसतो, पिवळेपणा घालवून ब्लॅक अँड व्हाइट करतो आणि प्रिंट मारतो. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली प्रिंट झकास दिसते. गिऱ्हाईक उन्हात जाते आणि पाच मिनिटांत परत येते, "अहो, फेटा हिरवा मारतोय की!"

दोघेही खरे बोलत असतात. दुकानात फेटा हिरवा नव्हता आणि उन्हात तो खरोखरच हिरवा आहे.

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या स्टुडिओंत एप्सनच्या एल८०५ जातीचा प्रिंटर असतो. त्यात सहा बाटल्या: काळी, सायन, मॅजेंटा, पिवळी आणि शिवाय फिकी सायन, फिकी मॅजेंटा. या दोन फिक्या शाया गोऱ्या-सावळ्या कातडीचे रंग मुलायम यावेत म्हणून दिलेल्या. लग्नाच्या अल्बमसाठी झकास व्यवस्था. पण यात करडी शाई कुठेच नाही. फोटोतला करडा हा प्रिंटर सायन, मॅजेंटा आणि पिवळी यांच्या मिश्रणातून जमवतो. तिन्हींचे प्रमाण बरोबर जमले तर करडा, एकीचा थेंब जास्त झाला की तो हिरवा किंवा जांभळा मारतो. रंगीत फोटोत एवढी चूक लपून जाते. छापील लुगड्यावर डाग पडला तर चटकन कळत नाही, पांढऱ्या धोतरावर लांबूनही दिसतो. कागदाच्या बाबतीत करडा म्हणजे ते धोतर.

त्यात प्रकाशाची भानगड. प्रत्येक शाई प्रकाशातला आपापला भाग गिळते आणि उरलेला परत पाठवते. ट्यूब किंवा एलईडीच्या उजेडात सगळे रंग उन्हातल्या प्रमाणात नसतात. त्यामुळे एकाच मिश्रणातून एका उजेडात करडा आणि दुसऱ्यात हिरवट असा निकाल येतो. याला मेटामेरिझम म्हणतात, आणि मिश्रणात रंगीत शाया जितक्या जास्त तितका हा त्रास जास्त.

मग ड्रायव्हरमधला 'ग्रेस्केल' पर्याय निवडला तर? बरेच जण तेच करतात. प्रिंटर मग मुख्यतः काळी शाई वापरतो आणि हिरवटपणा कमी होतो. पण फिका करडा उमटवायला त्याच्याकडे एकच मार्ग उरतो: काळे ठिपके विरळ टाकायचे. ठिपका अगदी लहान, दीड पिकोलिटरचा, तरी पांढऱ्या फेट्याच्या घड्यांवर आणि गालाच्या उजेडाच्या बाजूला तो रवाळ दिसतो. आजोबांना गोवर उठल्यासारखा.

डार्करूमच्या काळात हा प्रश्नच नव्हता. ज्या स्टुडिओवाल्यांनी लाल दिव्याखाली हात काळे केले आहेत त्यांना 'इंदू'चा कागद आठवत असेल. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा, १९६० साली स्थापन झालेल्या सरकारी कंपनीचा. तिथे करडा कागदातल्या चांदीतून यायचा, रंग मिसळायचा प्रश्नच नसायचा. कागदाला आधी पट्टी मारायची. पाच सेकंद, दहा सेकंद, पंधरा सेकंद असा एकेक भाग उघडा करत एक्स्पोजर द्यायचे, डेव्हलपरमध्ये बुडवायचे आणि कोणता भाग बरोबर ते पाहून मग मोठा कागद खर्ची घालायचा. प्रिंटरचे कॅलिब्रेशन म्हणजे तीच पट्टी आहे, फक्त डोळ्याऐवजी आकड्यांनी वाचलेली. कॉम्प्युटर आला आणि आपल्याकडे नेमकी ही पट्टी मारायची सवय सुटली, ही माझी तक्रार आहे. कागद स्वस्त झाला म्हणून 'मारून बघू' सुरू झाले.

कोडॅकने ब्लॅक अँड व्हाइट कागद बनवणे बंद करत असल्याचे २००५ साली जाहीर केले. त्याच वर्षी एप्सनने आर२४०० हा प्रिंटर आणला. त्यात काळी, फिकी काळी आणि अति फिकी काळी अशा तीन काळ्या शाया होत्या. कंपन्यांना हे सुचण्याच्या आधी वेड्या माणसांनी वाट पाडली होती. ब्रिटिश गायक ग्रॅहम नॅश याने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, छापखान्यात प्रूफ काढण्यासाठी बनवलेल्या आयरिस नावाच्या अवजड इंकजेटवर आपले ब्लॅक अँड व्हाइट फोटो छापायला सुरुवात केली. अमेरिकेत व्हरमाँटमधल्या जॉन कोनने तर एप्सनच्या प्रिंटरमधल्या रंगीत शाया काढून टाकून त्यांच्या जागी एकाच काळ्या रंगाच्या चढत्या छटा भरल्या. या पद्धतीचे नाव पिएझोग्राफी. रॉय हॅरिंग्टन याने 'क्वाडटोन रिप' नावाचे छोटे सॉफ्टवेअर लिहिले. ठरावीक एप्सन मॉडेल्सवर ते कंपनीच्या ड्रायव्हरला बाजूला सारून कोणती शाई कुठे किती सोडायची हे तुमच्या हातात देते.

आता गावातल्या स्टुडिओला एवढे करायची गरज नाही. नवा प्रिंटर घ्यायचाच असेल तर करडी बाटली असलेला घ्यावा: एप्सनचा एल८१८० किंवा कॅननचा जी५७०. करड्या शाईने मिश्रणातले रंग कमी होतात आणि निम्मे भांडण तिथेच मिटते. पण आहे त्या एल८०५ वरही बरेच काही होते. त्यासाठी लागणारे यंत्र दुकानात आधीच आहे, ते म्हणजे स्कॅनर.

सुरुवात नोझल चेकने करायची. एखादी रेघ तुटलेली असेल तर पुढचे सगळे आकडे खोटे. मग एकवीस चौकोनांची पट्टी तयार करायची, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत पाच-पाच टक्क्यांच्या पायऱ्या. ज्या कागदावर, ज्या सेटिंगवर आणि ज्या शाईने फोटो देणार त्यावरच ती छापायची. आपल्याकडे फ्रेममध्ये घालण्याआधी प्रिंटवर मॅट लॅमिनेशन चढवतात. ते चढवले की काळा रंग उडतो, राखेसारखा होतो. म्हणून लॅमिनेशन करून देणार असाल तर पट्टीवरही ते चढवून मगच मोजायचे. हे कोणत्याही पुस्तिकेत सापडत नाही, पण बीड-परळीकडच्या कामात यानेच सर्वात जास्त फरक पडतो.

पट्टी एक दिवस वाळू द्यायची, कारण ओल्या शाईचा काळा आणि वाळलेल्या शाईचा काळा वेगळा. मग स्कॅन. स्कॅनरचे सगळे 'ऑटो' बंद, आणि शेजारी मोजमाप माहीत असलेली पट्टी ठेवलेली. स्टाउफर कंपनीची एकवीस पायऱ्यांची परावर्तक पट्टी मिळाली तर उत्तम.

आकडे कसे वाचायचे ते एका उदाहरणाने सांगतो. उजेडपणा मोजायची एल नावाची मोजपट्टी आहे, शून्य म्हणजे पूर्ण काळोख आणि शंभर म्हणजे शुद्ध पांढरा. समजा तुमच्या मॅट कागदाचा पांढरा ९६ आला आणि सर्वात गडद काळा १६. मध्ये वीस पायऱ्या, अंतर ऐंशी. म्हणजे प्रत्येक पायरीला बरोबर चार उतरायला हवे. मधला, पन्नास टक्क्यांचा चौकोन ५६ वर हवा. तो ४८ आला, तर तुमचा प्रिंटर मधल्या छटा गडद करतोय आणि रापलेले चेहरे काळवंडतात ते यामुळेच. ८५, ९० आणि ९५ टक्क्यांचे चौकोन २८, २४ आणि २० यायला हवेत. ते तिन्ही सतरा-अठराच्या आसपास घोटाळत असतील, तर कागदाच्या ताकदीपेक्षा जास्त शाई ओतली जातेय. मीडिया सेटिंग बदलून शाई कमी करायची. उरलेला फरक फोटोशॉपच्या कर्व्हमध्ये पायरीपायरीने भरून काढायचा, कर्व्हला कागदाचे नाव देऊन जपायचे आणि पट्टी पुन्हा छापून खात्री करायची. चमकदार कागदाचा काळा सहाच्या आसपास जातो, मॅटचा सोळा-अठरावर थांबतो. म्हणजे एका कागदाचा कर्व्ह दुसऱ्याला लावणे ही शुद्ध फसवणूक.

गडद बाजू पारखायला बीडमध्ये उत्तम नमुना आहे: कुंडाच्या पाण्यात उभे असलेले कंकालेश्वराचे मंदिर. बालाघाटचा काळा पाषाण, त्यावर कोरीव मूर्ती आणि मूर्तीच्या काखेत पडलेली सावली. एकही भाग शुद्ध काळा नाही, पण सगळे काळ्याच्या शेजारचे. मंदिराचा फोटो काढून कर्व्ह लावण्याआधी आणि नंतर छापून पाहा. आधीच्यात मूर्ती आणि भिंत एक होतात, नंतरच्यात दगडावरचे छिन्नीचे काम सुटे होते. अंबाजोगाईच्या हत्तीखान्यातल्या हत्तींचेही तसेच.

हा झाला गडद-फिक्याचा हिशेब. हिरवटपणाचा वेगळा, आणि तिथे स्कॅनरवर विसंबून चालत नाही, कारण स्कॅनरचा डोळा रंगांच्या मिश्रणाला आपल्या डोळ्यासारखा पाहत नाही. स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे रंग मोजायचे यंत्र, असलेल्या माणसाला चार्ट छापून कुरिअरने पाठवला तर तो प्रोफाइल करून देतो. तेही नको असेल तर एका पानावर एकाच करड्याचे वीस-पंचवीस चौकोन छापायचे, प्रत्येकात लाल, हिरवा, निळा थोडा थोडा कमी-जास्त. मग ते पान दिवसाउजेडी ओसरीच्या सावलीत आणि नंतर दिव्याखाली पाहायचे. दोन्हीकडे ज्याची कमीत कमी तक्रार तो चौकोन आपला. एक सोपी पळवाटही आहे, आणि ती मला मनापासून पटते: शुद्ध करड्याचा हट्ट सोडून फोटोला किंचित उबदार, तपकिरी झाक द्यायची. हिरव्याकडे झुकलेला करडा डोळा सोडत नाही, पण तपकिरीला तो माफ करतो. शिवाय मूळ फोटोही तसाच होता.

मूळ फोटोबद्दलही एक गोष्ट. तो ब्लॅक अँड व्हाइट असला तरी स्कॅन नेहमी रंगीत करावा. पिवळे डाग पडलेले असतील तर लाल चॅनेल पाहा, त्यात डाग जवळजवळ नाहीसे होतात. फोटो सगळाच फिकट पिवळा होऊन विरला असेल तर निळा चॅनेल पाहा, नाक-डोळे तिथे जास्त ठळक सापडतात. आधीच ग्रेस्केलमध्ये स्कॅन करणारा हे दोन्ही गमावतो.

मॉनिटरचे थोडक्यात सांगतो. स्टुडिओतले स्क्रीन भडक उजेडावर लावलेले असतात आणि मग 'प्रिंट काळी येते' अशी ओरड. चौरस मीटरला ऐंशी ते एकशेवीस कॅन्डेला इतका उजेड पुरे. मोजायचे साधन नसेल तर कोरा कागद स्क्रीनशेजारी दिव्याखाली धरा आणि दोन्ही पांढरे सारखे दिसेपर्यंत स्क्रीन उतरवा.

आता आपल्या हवेचे. एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी होते की चार दिवस बंद ठेवलेल्या प्रिंटरचे हेड चोक झालेच समजा. त्यावर लाइट जाण्याची भर. छपाई चालू असताना लाइट गेली तर हेड वाटेतच उघडे राहते. नेहमी बटणाने बंद केले की ते आपल्या झाकणाखाली जाऊन बसते, पिन ओढली की बसत नाही. म्हणून प्रिंटर इन्व्हर्टरवर हवा, आणि लाइट आल्या आल्या चालू करून बटणाने बंद करायला हवा. चोक काढायला कुणी बोअरचे पाणी वापरतो. आपल्या बोअरच्या पाण्यातले क्षार त्या नोझलमध्ये बसले की हेड कायमचे गेले. बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटर मिळते, तेच वापरावे. रोज एक छोटी रंगीत प्रिंट काढली तर ही वेळच येत नाही.

लोकल शाईबद्दल दुकानदारांशी माझे नेहमी वाजते. लग्नाच्या फोटोला ती चालूनही जाईल. पण आधीची बाटली आणि नंतरची बाटली एकसारखी नसेल तर सगळे मोजमाप वाया जाते. शिवाय एल८०५ सारख्या प्रिंटरातली डाय शाई, म्हणजे विरघळलेल्या रंगाची शाई, उजेडाने आणि हवेतल्या ओझोनने विटते आणि तिन्ही रंग सारख्या वेगाने विटत नाहीत. आज करडा असलेला फेटा तीन-चार वर्षांत खिडकीसमोर गुलाबी झाला तर आश्चर्य नको. कार्बनच्या कणांच्या, म्हणजे पिगमेंट शाईला ही भीती फार कमी. पोथ्यांची शाई काजळीपासून करत, तेही कार्बनच. अंबाजोगाईत दासोपंतांची पासोडी आहे, लांबलचक कापडावर लिहिलेला ग्रंथ. दासोपंतांचा काळ १५५१ ते १६१५. अक्षरे अजून टिकून आहेत. ज्याला आजोबांचा फोटो नातवंडांच्या नातवंडांपर्यंत पोचवायचा आहे त्याने पिगमेंट शाई आणि पांढरेपणासाठी ब्राइटनर न घातलेल्या सुती कागदाची प्रिंट मोठ्या शहरातून मागवावी. फक्त तिथेही आपला कर्व्ह चालणार नाही, त्यांचा प्रोफाइल घेऊनच फाइल पाठवायची.

स्टुडिओवाल्यांनी दुकानात एक वही ठेवावी: तारीख, कागद, शाईची बाटली कोणत्या दिवशी उघडली, कर्व्हचे नाव आणि पन्नास टक्क्यांच्या चौकोनाचा आकडा. नवी बाटली ओतली की पट्टी पुन्हा मारावी. पावसाळा सुरू झाला की एकदा आणि हवा कोरडी पडली की एकदा मारली तरी वर्षाला पानेच किती लागतात? आणि आगाऊ पैसे घेताना गिऱ्हाईकाला एवढे विचारावे, फोटो कुठे लावणार: देवघरात बल्बखाली, की ओसरीत उजेडाला? उत्तर वहीत त्याच ओळीत लिहावे आणि करडा चौकोन त्या उजेडाचा निवडावा.