पारा नव्हे, वारा विचारा!

महाराष्ट्रात 'ऑक्टोबर हीट'ने घामाच्या धारा लागलेल्या असतात, नेमक्या त्याच सुमाराला अमेरिकेच्या उत्तरेकडच्या मैदानी राज्यांत मोसमातली पहिली मोठी 'कोल्ड फ्रंट' येऊन थडकते. नॉर्थ डकोटा, साउथ डकोटा, मिनेसोटाचा पश्चिम भाग, मोंटानाचा पूर्व भाग हा सगळा पट्टा 'नॉर्दर्न प्लेन्स' म्हणून ओळखला जातो. इथे थंडी पायरी पायरीने येईलच असं नाही. दुपारी जेवताना अंगात टी-शर्ट असतो आणि संध्याकाळच्या चहाला जॅकेट शोधावं लागतं. मधल्या वेळात घडलेलं असतं एवढंच, की वाऱ्याने दिशा बदललेली असते.

'फ्रंट' हा शब्द हवामानशास्त्रात आला तो पहिल्या महायुद्धामुळे. नॉर्वेतल्या बर्गन शहरात विल्हेल्म बियर्कनेस, त्यांचा मुलगा जेकब आणि त्यांचे सहकारी १९१९च्या सुमाराला वादळांचा अभ्यास करत होते. थंड आणि उबदार हवा समोरासमोर येते ती रेषा त्यांना युद्धातल्या आघाडीसारखी वाटली. मराठीत हिला 'शीत आघाडी' म्हणता येईल, पण आघाडी म्हटलं की आपल्याला आधी जागावाटप आठवतं! ही आघाडी मात्र सहसा सांगितलेल्या वेळेला येते.

ती येते कशी, हे एकदा समजून घेतलं की अंगणात उभं राहूनही ओळखता येतं. थंड हवा जड असते. ती उबदार हवेच्या खाली पाचरीसारखी घुसते आणि तिला वर ढकलते. आघाडी यायच्या आधी दक्षिणेचा वारा वाहतो, हवा छान उबदार असते आणि हवेचा दाब उतरत जातो. मग पश्चिमेकडे ढगांचा पट्टा दिसतो आणि बघता बघता वारा वायव्येकडून सुटतो. कधी पाऊस पडतो, कधी एक थेंबही नाही. नवख्या माणसाला चकवते ती त्यानंतरची दुपार. आकाश निळंशार, ऊन लख्ख, आणि गाडीचं दार मात्र दोन्ही हातांनी धरावं लागतं. उन्हाने तापलेल्या जमिनीवरून थंड हवा सरकत असते. खालची हवा वर उठते आणि वरचा जोरकस वारा झोतांनी खाली उतरतो. म्हणून भर दुपारी वारा सर्वांत जास्त आणि सूर्य कलला की बहुधा कमी.

हे सगळं इथेच एवढं जोरात का? कारण वाटेत भिंत नाही. मध्य आशियातली थंड हवा भारतावर थेट कोसळत नाही, कारण हिमालय पूर्व-पश्चिम आडवा उभा आहे. अमेरिकेतला रॉकी पर्वत उत्तर-दक्षिण पसरलेला. कॅनडातून निघालेल्या हवेला टेक्सासपर्यंत अडवणारं काही नाही. त्यात फार्गो आणि आसपासचं रेड नदीचं खोरं म्हणजे हिमयुगातल्या 'अ‍ॅगासिझ' नावाच्या प्रचंड सरोवराचा तळ. परातीसारखं सपाट. मोंटानातल्या ब्राउनिंग या गावी जानेवारी १९१६ मध्ये चोवीस तासांत पारा सुमारे ७ अंशांवरून उणे ४९ अंश सेल्सिअसवर गेला होता. ते हिवाळ्यातलं टोकाचं उदाहरण. पण शरदाच्या सुरुवातीची आघाडी वेगळ्या कारणाने घातक ठरते. तेव्हा कुणाचीच तयारी झालेली नसते.

सप्टेंबर २०२० मध्ये अशीच एक आघाडी मैदानांवरून दक्षिणेकडे उतरली. डेन्व्हरमध्ये ७ तारखेला ३४ अंश सेल्सिअस तापमान होतं, आणि ८ तारखेला बर्फ पडला!

त्याहून जिव्हारी लागलेली आठवण ऑक्टोबर २०१३ची, साउथ डकोटाच्या पश्चिम भागातली. ३ ते ५ ऑक्टोबरला आलेलं ते हिमवादळ 'अ‍ॅटलस' या नावाने लक्षात राहिलं. आधीचे दिवस उबदार होते. गुरं अजून उघड्या उन्हाळी कुरणांत चरत होती, हिवाळ्याची दाट केसाळ कातडी त्यांच्या अंगावर आलेली नव्हती. आधी पाऊस पडला, गुरं चिंब भिजली. मग वारा सुटला आणि बर्फ आला. रॅपिड सिटीत जवळपास दोन फूट बर्फ साचला. वाऱ्याला पाठ देऊन चालत चालत हजारो गुरं कुंपणांशी, ओढ्यांत, रस्त्याकडेला मरून पडली. नेमकं त्याच वेळी वॉशिंग्टनमध्ये केंद्र सरकारचं कामकाज ठप्प होतं आणि पशुधन भरपाईच्या योजनेची मुदतही संपलेली होती. फेब्रुवारी २०१४ मध्ये नवा कायदा झाला, तेव्हा मागील तारखेपासून भरपाई लागू झाली. पण त्याआधी धावून आले ते इतर राज्यांतले पशुपालक. त्यांनी आपल्या कळपातल्या कालवडी या शेतकऱ्यांना दान दिल्या. गोठ्यातलं जनावर गेलं की घरातलं माणूस गेल्यासारखं वाटतं, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

हीच आघाडी इथल्या काही शेतकऱ्यांना हवीही असते. रेड नदीच्या खोऱ्यात साखरेचं बीट पिकतं. मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटा मिळून देशातलं जवळपास निम्मं बीट पिकवतात. ऑक्टोबरच्या सुरुवातीला मुख्य काढणी सुरू होते, ट्रक रात्रंदिवस धावतात आणि बीटचे डोंगर उघड्यावर रचले जातात. हवा गरम असेल तर ढिगातलं बीट सडतं, म्हणून काढणी थांबवतात. फार गोठलं तरी थांबवतात. म्हणजे थंडी हवी, पण बेतानेच! इथला मोठा कारखाना, 'अमेरिकन क्रिस्टल शुगर', १९७३ मध्ये शेतकऱ्यांनी स्वतः विकत घेऊन सहकारी केला. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५०चा. उसाच्या गळीत हंगामात वाढलेल्या माणसाला या खोऱ्यात आल्यावर परकं वाटत नाही, ते यामुळेच.

आता आपल्या घरांकडे येऊ. परसात लावलेला झेंडू दसऱ्यापर्यंत टिकेल का, हा दरवर्षीचा प्रश्न. इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ज्या रात्री वारा घोंघावत असतो, त्या रात्री झेंडू बहुधा वाचतो, कारण वाऱ्याने हवा ढवळली जाते. खरा धोका त्यानंतरच्या रात्री. वारा पडतो, आकाश स्वच्छ असतं, जमिनीतली ऊब निघून जाते आणि सकाळी पानांवर पांढरं दहिवर गोठलेलं दिसतं. निफाडकडचे द्राक्ष बागायतदार अशाच शांत रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. तेव्हा जुन्या चादरी झाडांवर घालायच्या त्या वारा थांबल्यावर. तुळस आणि कढीपत्त्याच्या कुंड्या मात्र आधीच घरात घ्याव्यात. वाऱ्याने कुंडी उलटली की सगळंच मुसळ केरात. बागेच्या नळाची रबरी नळी काढून, पाणी रिकामं करून ठेवणं हेही त्याच दिवशीचं काम. कोजागिरीचं मसाला दूध चंद्राखाली प्यायचा हट्ट असेल, तर पातेलं गॅरेजमध्ये ठेवावं आणि चंद्राला दारातूनच नमस्कार करावा.

ऑगस्टमध्ये फार्गो, ग्रँड फोर्क्स, ब्रुकिंग्स इथल्या विद्यापीठांत नव्याने आलेल्या मुलांसाठी दोन शब्द. जाड कोट 'थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये घेऊ' असं म्हणू नका, सप्टेंबरमध्येच घ्या. वारा अडवणारा घ्या. नुसता लोकरी स्वेटर इथे चाळणीसारखा वागतो. राष्ट्रीय हवामान सेवेने 'विंड अ‍ॅडव्हायझरी' दिली असेल, तर झोत साधारण ताशी ७४ किलोमीटरच्या पुढे जाऊ शकतात. 'हाय विंड वॉर्निंग' म्हणजे ९३च्या पुढे. अशा दिवशी आय-२९ किंवा आय-९४ महामार्गावर रिकामे उंच ट्रक उलटतात. त्यांच्या बाजूने रेंगाळत गाडी चालवू नका आणि घर बदलायला भाड्याने घेतलेला उंच ट्रक त्या दिवशी बाहेर काढू नका. आघाडी कोरडी असेल तर 'रेड फ्लॅग वॉर्निंग'ही लागते. सुकलेल्या गवतात एक ठिणगी पुरते, मग शेकोटी आणि बार्बेक्यू दोन्ही बंद.

आणि भारतातल्या आई-बाबांसाठी. तुमच्या फोनवर आमच्या गावाचं तापमान दिसतं. '४ अंश? महाबळेश्वरलाही पडते एवढी थंडी,' असं वाटणं साहजिक आहे. पण ४ अंशांत ताशी ४८ किलोमीटरचा वारा असेल, तर उघड्या त्वचेला ते उणे २ अंशांसारखं जाणवतं. वारा अंगाभोवतीची ऊब उडवून नेतो, म्हणून आकडा तोच असला तरी थंडी ती नसते. तेव्हा पुढच्या व्हिडिओ कॉलवर 'किती डिग्री आहे रे?' असं विचारण्याआधी 'वारा किती आहे?' असं विचारा. उत्तर ऐकून तुम्हालाच कळेल, की पोराला आज डब्यात पोळीभाजी पुरे की घरी आल्यावर आलं घालून गरम कुळथाचं पिठलं हवं.