रिकाम्या हाताने परतलेला नायक

घर सोडायचे, संकटे झेलायची, काहीतरी मिळवायचे आणि ते घेऊन गावी परतायचे. जगभरच्या वीरकथांचा साचा हाच, असे जोसेफ कॅम्बेल या अमेरिकी अभ्यासकाने १९४९ साली मांडले आणि प्रवासाचे १७ टप्पे पाडले. पुढे ‘स्टार वॉर्स’ त्यावर बेतला गेला. सिद्धान्त एवढा पुरे.

सोलापुरात हा प्रवास सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने सुरू होतो. बार्शी-सांगोल्याकडचा पोरगा, पिशवीत कडक भाकरी नि शेंगाची चटणी, फलाटावर वडील आणि पुढे पुणे. म्हणूनच भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’तला (१९६३) पांडुरंग सांगवीकर खानदेशचा असूनही इकडच्या वाचकाला घरचा वाटतो.

पांडुरंग कॉलेजसाठी पुण्याला येतो आणि साचा तिथेच उसवायला लागतो. वाट दाखवणारा गुरू भेटत नाही. राक्षसांच्या जागी होस्टेलच्या मेसचे हिशेब, वादविवाद मंडळ, गॅदरिंग. तो सगळ्यात हौसेने उडी घेतो, वडिलांचे पैसे उधळतो आणि परीक्षेत आपटतो. व्हॉल्तेअरच्या ‘काँदीद’चा (१७५९) नायक निदान अर्धे जग पालथे घालून शेवटी शेतीला लागतो; पांडुरंगाचे जग पुण्याच्या चार रस्त्यांत आटोपते.

तरीही कादंबरी खरी उसळते ती इतिहासाच्या प्रकरणात. पांडुरंग आणि त्याचा मित्र सुरेश बापट दूरच्या भविष्यातले संशोधक असल्याचा आव आणतात आणि विसाव्या शतकाबद्दल गंभीर चेहऱ्याने निष्कर्ष काढत सुटतात. संशोधकी भाषा अगदी शुद्ध, तर्क काटेकोर आणि निष्कर्ष मात्र साफ भलते. मराठीत विद्वत्तेची इतकी निर्दय टिंगल क्वचितच झाली असेल. हसता हसता वाचकाच्या लक्षात येते, की आपणही सातवाहनांबद्दल असेच ठामपणे बोलत आलो आहोत! या पानांत विनोद आणि तत्त्वज्ञान वेगळे काढताच येत नाहीत. ‘कोसला’ला नुसते ‘तरुणाचे वैफल्य’ म्हणणाऱ्या समीक्षकांनी हे प्रकरण बहुधा उभ्या उभ्या चाळले असावे.

धाकटी बहीण देवीच्या रोगाने जाते, तिथे मात्र टवाळी बंद पडते. कॅम्बेलच्या नायकाला मृत्यूच्या छायेतून गेल्यावर ज्ञान मिळते. पांडुरंगाला दुःख मिळते, बाकी काही नाही.

आणि मग परतणे. सोलापूर जिल्ह्यातल्या पंढरपुरात आषाढीला लाखोंची गर्दी लोटते, पण पौर्णिमेच्या काल्यानंतर पालख्या माघारी निघतात, तेव्हा दिंड्या विरळ झालेल्या असतात आणि कॅमेरे पांगलेले. तरी परतवारीतल्या माणसाच्या पिशवीत बुक्का नि चुरमुऱ्यांचा प्रसाद असतो. आपल्या पांडुरंगाच्या पिशवीत तोही नाही. डिग्री नाही, बोध नाही. गावात रिकामटेकड्यांच्या घोळक्यात बसायचे आणि शेतीवाडीचे ऐकायचे. साचा शाबूत, पण फळ काढून घेतलेले, ही नेमाड्यांची खरी करामत. ती त्यांनी पंचविशीत केली. पुढे ‘बिढार’, ‘जरीला’, ‘झूल’ आले, ‘हिंदू’ आली, २०१४ चे ज्ञानपीठही आले. पण नायकाला इतके मोकळे सोडण्याचे धाडस पहिल्याच पुस्तकात आहे.

कॉलेजात ‘कोसला’ वाचून ज्यांच्याजवळ पांडुरंगाच्या तोंडचे ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ एवढेच उरले, त्यांनी ती चाळिशीनंतर पुन्हा काढावी. तेव्हा पैसे पाठवणाऱ्या वडिलांचीही बाजू दिसू लागते.