दाढदुखी, साखर आणि काळी बुरशी



दर रविवारी घरी फोन केला की "शुगर किती?" हे आपण विचारतोच. त्यापुढचे प्रश्न विचारायला मी २०२१ साली उशिरा शिकलो, म्हणून हा मेलप्रपंच.

नाशिकचे माझे मामा जुने डायबेटिक. एप्रिल २०२१ मध्ये कोविडमधून उठले, पण स्टिरॉइड्समुळे साखर ३५० च्या वर. घरी आल्यावर वरची दाढ दुखायला लागली. २३ एप्रिलपासून भारत ब्रिटनच्या रेड लिस्टवर, मी इथे रीडिंगला अडकलेलो. मामी म्हणाली, "अरे, दाढच आहे, बघू नंतर." मीही हो म्हटलं. तीन दिवसांनी व्हिडिओ कॉलवर त्यांची उजवी पापणी अर्धी मिटलेली दिसली. म्यूकरमायकोसिस! ऑपरेशन झालं, जीव वाचला, डोळा मात्र गेला.

या बुरशीचे बीजाणू माती-हवेत सगळीकडे असतात, एरवी आपलं काही बिघडत नाही. पण साखर फार वाढली की पांढऱ्या पेशी मंदावतात. कीटोअ‍ॅसिडोसिसमध्ये रक्तातलं मोकळं लोह वाढतं, तेच बुरशीचं खाद्य. ती रक्तवाहिन्यांत शिरते, गुठळ्या होतात, पुढचा भाग मरून काळा पडतो. म्हणजे काळा रंग बुरशीचा नाही, मेलेल्या भागाचा. तो दिसेपर्यंत थांबायचं नसतं. ही एकाकडून दुसऱ्याला होत नाही, त्यामुळे घरच्यांनी घाबरून लांब राहायचं कारण नाही.

तेव्हा फोनवर हे विचारा: चेहऱ्याची एकच बाजू दुखते किंवा बधिर वाटते का? एकच नाकपुडी चोंदते, रक्ताळ पाणी येतं का? वरचे दात हलतात का? दोन-दोन दिसतं का? टाळूवर डाग आहे का? एकाचं जरी उत्तर "हो" आलं, तर त्याच दिवशी कान-नाक-घशाचे डॉक्टर गाठायचे.

ते नाकात दुर्बीण घालून तुकडा काढतात. केओएच घालून मायक्रोस्कोपखाली पाहिलं की रुंद, फितीसारखे, जवळपास पडदे नसलेले तंतू काही तासांत दिसू शकतात. कल्चरला दिवस लागतात आणि ते निगेटिव्हही येतं. बुरशीच्या नेहमीच्या रक्तचाचण्या (बीटा-डी-ग्लुकन, गॅलॅक्टोमॅनन) हिला सहसा पकडत नाहीत, म्हणून "रक्त नॉर्मल आहे" यावर निर्धास्त होऊ नका. किती पसरलंय ते एमआरआय सांगतो. दाट संशय असेल तर डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता अ‍ॅम्फोटेरिसिन-बी सुरू करतात.

मे २०२१ मध्ये केंद्राने राज्यांना या आजाराची नोंद सक्तीची करायला सांगितलं, तेव्हा नाव घरोघरी पोचलं. पण तो कोविडच्या आधीही होता, आजही आहे.

मी सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नाही. पण वॉर्निंगकडे दुर्लक्ष केलं की काय होतं, ते आता दोन्हीकडे पाहिलंय. या रविवारी विचाराच.

चूभूद्याघ्या.