ओळखीचे शब्द, शास्त्रीय अर्थ : अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासाची भाषिक पूर्वतयारी

प्रास्ताविक

मराठी विषय घेऊन बी. ए. झाल्यावर अर्थशास्त्रात एम. ए. करता येईल का, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींच्या मनात असेल. प्रवेशाचे नियम विद्यापीठागणिक भिन्न असतात. ते त्या त्या माहितीपुस्तिकेत पाहावेत. येथे आपण या अभ्यासातील भाषिक अडचणीचा विचार करू. सूक्ष्मलक्ष्यी व समग्रलक्ष्यी अर्थशास्त्र, सार्वजनिक आयव्यय आणि संख्याशास्त्र हे विषय तेथे सामान्यतः असतात. गणिताचे भय अनेकांना वाटते. परंतु त्याआधी अडवतात ते ओळखीचे शब्द.

'मागणी' या संज्ञेचा अर्थ

व्यवहारात आपण लग्नाची मागणी घालतो, पगारवाढीची मागणी करतो. अर्थशास्त्रात मात्र इच्छा, क्रयशक्ती आणि खर्च करण्याची तयारी ही तिन्ही एकत्र आल्यावाचून मागणी सिद्ध होत नाही. घरात लहान मूल आहे, पण दुधासाठी पैसे नाहीत. तेथे गरज आहे, 'मागणी' नाही. ही व्याख्या निष्ठुर वाटेल. परंतु बाजाराला कोणाची गरज दिसत नाही, हे तिच्यामुळेच नेमके सांगता येते. रास्त भावाच्या दुकानामागील विचार येथूनच समजू लागतो.

असाच भेद 'विस्तार' आणि 'वृद्धी' या शब्दांत आहे. वस्तूची किंमत उतरल्यामुळे खरेदी वाढली, तर तो मागणीचा विस्तार. किंमत तीच असताना उत्पन्न किंवा आवड बदलल्यामुळे खरेदी वाढली, तर ती मागणीतील वृद्धी. सामान्य मराठीत हे शब्द जवळजवळ समानार्थी आहेत. उत्तरपत्रिकेत त्यांची अदलाबदल झाली, तर उत्तरच चुकते.

संज्ञेकडून आकड्याकडे

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका बाजारात १०० क्विंटल कांदा २,००० रुपये दराने विकला जातो. एकूण प्राप्ती २,००,००० रुपये. पुढील हंगामात ११० क्विंटल कांदा आला. एवढा माल खपण्यासाठी दर १,६०० रुपयांवर यावा लागला. प्राप्ती झाली १,७६,००० रुपये. पीक १० टक्क्यांनी वाढले, दर २० टक्क्यांनी उतरला आणि उत्पन्न घटले. किंमत बदलते त्या प्रमाणात मागणी बदलत नाही, तेव्हा ती 'अलवचिक' म्हणतात. भरघोस पिकानंतरही शेतकरी अडचणीत का येतो, याचे एक कारण या एका विशेषणात सामावले आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१५ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून अर्थशास्त्राची एम. ए. पदवी घेतली, १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ रुपयाच्या प्रश्नावर आहे. तांत्रिक परिभाषा आणि सार्वजनिक प्रश्न यांचे नाते त्यांच्या लेखनात स्पष्ट दिसते.

अभ्यासाची पद्धत

प्रत्येक संज्ञेसाठी वहीत तीन रकाने करा : व्यवहारातील अर्थ, शास्त्रीय व्याख्या, स्वतःचे उदाहरण. तिसरा रकाना रिकामा राहिला, तर संज्ञा पाठ झाली आहे, समजलेली नाही, असे मानावे. नोकरी व घर सांभाळून शिकणाऱ्यांना उदाहरणांची वाण नाही. किराणा, भाडे, हप्ते, मजुरी हे सारे तुमच्या परिचयाचे आहे.

सारांश

अर्थशास्त्राची मराठी परिभाषा नित्याच्या शब्दांतूनच घडली आहे. म्हणून ती जवळची वाटते आणि म्हणूनच फसवते. भाषेच्या विद्यार्थ्याला अर्थच्छटा ओळखण्याची सवय असते; ती येथे उपयोगी पडते.

स्वाध्याय

'पुरवठा' आणि 'साठा' यांतील फरक तुमच्या परिसरातील एका वस्तूच्या आधारे पाच ओळींत स्पष्ट करा.