सही तिची, निर्णय कोणाचा?

मार्च महिना संपत आला की व्यापारी घरांतून एक दृश्य हमखास दिसते. पेढीवरचा माणूस कागदांची पिशवी घेऊन घरी येतो. प्रत्येक पानावर जिथे सही हवी तिथे पेन्सिलीने बारीक फुली मारलेली असते. गृहिणी पदराला हात पुसत बाहेर येते आणि फुली दिसेल तिथे सही करीत जाते. पाच मिनिटांत काम आटोपते. चहा होतो, पिशवी परत जाते. त्या पानांत काय होते असे तिला विचारले तर ती हसून सांगते, "ह्यांचे काहीतरी हिशेबाचे होते."

कागदोपत्री ही गृहिणी पेढीची भागीदार असते. कोठे ती कंपनीची संचालक असते, कोठे कर्जाला जामीनदार, तर कोठे सदनिकेची मालकीण. महाराष्ट्रात स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत 2021 पासून मिळू लागली, तेव्हापासून दारावरच्या पाटीवर नसले तरी खरेदीखतावर तिचे नाव अगत्याने येऊ लागले आहे. उद्योगात, नेतृत्वात आणि अर्थकारणात स्त्रियांचा प्रभाव वाढतो आहे असे आपण समाधानाने म्हणतो. ते खोटे नाही. सनदी लेखापाल झालेल्या, निर्यात सांभाळणाऱ्या, कारखान्याची पाळी लावणाऱ्या मुली आज आपल्या घराघरांत आहेत. परंतु या प्रभावाचे मोजमाप आपण नावांच्या संख्येवरून करतो, आणि नाव व निर्णय यांत केवढे अंतर असते ते पेन्सिलीच्या त्या फुलीत दिसते.

हे अंतर निरुपद्रवी आहे असे मानण्याचे कारण नाही. 1932 च्या भागीदारी कायद्यानुसार पेढीच्या प्रत्येक देण्याला प्रत्येक भागीदार एकत्रितपणे आणि स्वतंत्रपणेही जबाबदार असतो. पेढी बुडाली तर धनको केवळ दुकानातल्या मालावर थांबत नाही. भागीदाराच्या खाजगी मालमत्तेपर्यंत त्याला जाता येते. म्हणजे माहेरहून आलेले सोने, वडिलांनी नावावर ठेवलेली ठेव, हे सारे त्या न वाचलेल्या सहीने पणाला लागलेले असते. जामीनकीचेही तसेच. 1872 चा करार कायदा सांगतो की करारात वेगळे काही ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. घरधनी हयात आणि धंदा तेजीत असेपर्यंत या गोष्टी कुणाच्या ध्यानातही येत नाहीत. त्याच्या पश्चात बँकेची नोटीस जिच्या नावाने येते, तिला पेढीचे चालू खाते आणि कर्ज खाते यांतला फरकही कोणी सांगितलेला नसतो.

मोठ्या कंपन्यांतही निराळे चित्र नव्हते. 2013 च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या संचालक मंडळावर किमान एक स्त्री असलीच पाहिजे असा दंडक घातला. कितीतरी उद्योगपतींनी त्याची पूर्तता आपल्या पत्नीला, कन्येला किंवा वहिनीला त्या खुर्चीवर बसवून केली. अखेर सेबीला पुढचे पाऊल टाकावे लागले: 2020 पासून बाजारमूल्याने पहिल्या 1000 कंपन्यांना 'स्वतंत्र' स्त्री-संचालक नेमणे आवश्यक झाले. (घरातील स्त्री स्वतंत्र विचार करूच शकत नाही असा याचा अर्थ नव्हे. पण तिने तो करावा म्हणून तिला तिथे बसविले होते, असेही कोणी म्हणणार नाही.)

ही आपली परंपराच आहे, असे काही ज्येष्ठ मंडळी म्हणतात. बायकांनी घर पाहावे, पैशाचे व्यवहार पुरुषांनी. परंपरेकडे जरा निरखून पाहिले तर ती वेगळेच बोलते.

मथुरेच्या कंकाली टीला येथे उत्खननात कुषाण काळातील, म्हणजे जवळजवळ 1800 वर्षांपूर्वीच्या, अनेक जिनप्रतिमा सापडल्या. त्यांच्या पीठांवर दात्यांची नावे कोरलेली आहेत आणि त्यांत स्त्रियांची संख्या लक्षणीय आहे. कोणी जवाहिऱ्याची कन्या आणि लोखंडाच्या व्यापाऱ्याची सून, कोणी सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याची माता. ओळख पिता, पती, पुत्र यांच्या नात्याने दिलेली आहे, हे खरे. तो काळच तसा होता. परंतु दान तिचे आहे आणि ते तिच्या नावाने नोंदविले गेले आहे. व्यापारी घरातील स्त्रीच्या हाती स्वतःच्या इच्छेने खर्च करण्याइतके द्रव्य होते, याचा हा दगडात कोरलेला पुरावा.

कर्नाटकातील अत्तिमब्बे हिचे उदाहरण त्याहून बोलके आहे. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धातील ही चालुक्य दरबाराशी संबंधित स्त्री. पती नागदेव लवकर गेला. पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या तिने 1000 हस्तलिखित प्रती करवून वाटल्या असे सांगतात. छपाई नसलेल्या त्या काळात याचा अर्थ काय होतो, ते क्षणभर डोळ्यांपुढे आणावे. हजार प्रतींची ताडपत्रे जमवायची, कापून सारखी करायची, लेखनिक नेमायचे, त्यांच्या भोजनाची नि मोबदल्याची तजवीज करायची, लिहिलेले पडताळायचे, आणि तयार पोथ्या दूरदूर पोहोचवायच्या. याला केवळ दानशूरता म्हणणे अपुरे आहे. आजच्या भाषेत ही एक मोठी प्रकाशनसंस्थाच होती, आणि तिची सूत्रे एका विधवेच्या हाती होती. रन्न कवीने तिच्या आश्रयाने अजितपुराण रचले. गदगजवळ लक्कुंडी येथे तिने बांधलेले जिनालय आजही उभे आहे. पैसा कशावर खर्च करावा हे तिने ठरविले, आणि त्या ठरविण्याने कन्नड वाङ्मयाचा एक भाग टिकला. संस्कृतीवरील प्रभाव म्हणतात तो हाच.

आणखी एक गोष्ट आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल. 1878 साली प्रिव्ही कौन्सिलपुढे उत्तर भारतातील सरावगी अग्रवाल घराण्याचा एक वाद आला होता. त्या काळी सर्वसाधारण हिंदू विधवेला पतीच्या मिळकतीचा केवळ हयातीपुरता उपभोग घेता येई; विक्री किंवा दान करण्याचा अधिकार अगदी सीमित असे. परंतु सरावगी समाजाच्या रूढीनुसार निपुत्रिक विधवेला पतीच्या स्वकष्टार्जित मिळकतीवर पूर्ण मालकी मिळते, आणि पतीच्या अनुमतीवाचूनही ती दत्तक घेऊ शकते, हे त्या न्यायासनाने मान्य केले. इतर समाजांतील स्त्रियांना अशी पूर्ण मालकी कायद्याने मिळायला 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदा यावा लागला. तो जैनांनाही लागू आहे. त्यानंतर 1994 साली महाराष्ट्राने आणि 2005 साली केंद्राने कायद्यात दुरुस्ती करून एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत कन्येला पुत्राच्या बरोबरीने जन्मसिद्ध हक्क दिला.

हक्क आला, आणि त्याच्या पाठोपाठ हक्कसोडपत्रही आले. वडिलांच्या पश्चात बहिणी निबंधकाच्या कार्यालयात जातात आणि भावाच्या नावे हक्क सोडून येतात. त्यासाठीचे मुद्रांक शुल्कही नाममात्र असते. बहिणीने भावाला प्रेमाने काही द्यावे यात गैर काय? काहीच नाही. देणे हा तर तिचा मथुरेपासूनचा अधिकार आहे. पण अत्तिमब्बेला आपण काय देतो आहोत हे माहीत होते. आजच्या कितीजणींना सोडलेल्या हिश्श्याचे क्षेत्रफळ, त्यावरचा बोजा, त्याचे बाजारमूल्य यांपैकी एक तरी गोष्ट कुणी सांगितलेली असते? न मोजता दिले जाते ते दान होत नाही. तो केवळ हातून सुटलेला ऐवज असतो. माहेरचे दार बंद होईल या भीतीने केलेली सही तर प्रेमाचीही नव्हे.

आता थोडे मुंबईत, गिरगावात येऊ या. 15 मार्च 1959 रोजी तेथील एका जुन्या इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटायला बसल्या. भांडवल होते 80 रुपयांचे, आणि तेही उसने. छगनलाल करमशी पारेख या समाजसेवकाने ते दिले होते. सारे त्यांना छगनबाप्पा म्हणत. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटे झाली, ती भुलेश्वरातील एका ओळखीच्या व्यापाऱ्याला विकली. 'लिज्जत'ची ही कथा सर्वांना पाठ आहे, म्हणून ती पुन्हा सांगत नाही. दूरचित्रवाणीवरच्या जाहिरातीतला तो बाहुला ससाही सर्वांच्या लक्षात आहे. लक्षात राहत नाहीत त्या दोन-तीन गोष्टी मात्र माझ्या मते अधिक महत्त्वाच्या आहेत.

पहिली म्हणजे छगनबाप्पांचा आग्रह. त्यांनी या भगिनींना दोन गोष्टी बजावल्या: हे काम धर्मादाय म्हणून नव्हे, तर व्यवसाय म्हणून चालवायचे, आणि हिशेब चोख ठेवायचे. सुरुवातीला भगिनींनी चांगला आणि स्वस्त असे दोन प्रतींचे पापड केले होते. बाप्पांनी ते थांबविले. एकच प्रत, आणि तिच्यात तडजोड नाही. दुसरी गोष्ट देणग्यांची. संस्थेने देणगी स्वीकारायची नाही असे आरंभीच ठरविले. उपकाराच्या पैशाबरोबर उपकारकर्त्याचा सल्लाही येतो, हे त्या सातजणींना शिकविण्याची गरज नव्हती. एकत्र कुटुंबात वावरलेल्या स्त्रीला ते ठाऊक असतेच.

तिसरी गोष्ट खाटेची. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात आणि चार महिने काम बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. पापड खाटेवर, स्टोव्ह खाटेखाली. पापड वाळले, काम चालू राहिले. कोणत्या सल्लागाराने हा उपाय सुचविला असता? ज्यांच्या हातांना काम ठाऊक होते त्यांच्याच हाती खर्चाचा निर्णयही होता, म्हणून तो सुचला आणि लगेच अमलातही आला.

पुढे 1966 साली संस्थेची रीतसर नोंदणी झाली, खादी व ग्रामोद्योग आयोगाची मान्यता मिळाली. सकाळी शाखेतून मळलेले पीठ न्यायचे, घरी लाटायचे, वाळलेले पापड दुसऱ्या दिवशी आणून द्यायचे, तपासून मोबदला घ्यायचा, हा क्रम आजही तोच आहे. लाटणारी प्रत्येक भगिनी संस्थेची सहमालक आहे. नफा झाला तर सर्वांचा, तोटा झाला तरी सर्वांचा. पुरुष पगारावर काम करू शकतात, सभासद होऊ शकत नाहीत. सात भगिनींपैकी जसवंतीबेन पोपट यांना 2021 साली पद्मश्री मिळाली, तोवर सभासदसंख्या 45,000 च्या घरात गेली होती. या भगिनींपैकी अनेकींचे शालेय शिक्षण फारसे झालेले नव्हते. तेव्हा "आम्हा बायकांना हिशेबातले काय कळते" हे वाक्य यापुढे जरा जपून उच्चारलेले बरे.

असेच एक वाक्य सातारा जिल्ह्यातील म्हसवडच्या स्त्रियांना ऐकून घ्यावे लागले होते. माण तालुका दुष्काळी. रस्त्याच्या कडेला पाल ठोकून लोहारकाम करणाऱ्या एका स्त्रीला पावसाळ्यापूर्वी छपरासाठी प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता आणि त्यासाठी रोज थोडे पैसे साठवायचे होते. इतकी लहान रक्कम स्वीकारायला बँका तयार होईनात. ते पाहून चेतना गाला सिन्हा यांनी स्त्रियांची स्वतःचीच बँक काढायचे ठरविले. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला. प्रवर्तक स्त्रिया निरक्षर आहेत, अंगठा उठविणाऱ्यांना बँकेचा परवाना कसा द्यायचा? त्या स्त्रिया दिवसभराच्या कामानंतर अक्षरे गिरवू लागल्या. काही महिन्यांनी त्या पुन्हा मुंबईला गेल्या आणि अधिकाऱ्यांपुढे त्यांनी उलट प्रस्ताव ठेवला: कोणत्याही मुद्दलावरचे व्याज आम्हाला तोंडी विचारा, तुमच्या अधिकाऱ्यांनाही यंत्राशिवाय करायला सांगा, आणि कोण आधी सांगते ते पाहा. 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

बँक चालू झाल्यावर खरी अडचण घरात निघाली. पासबुक घरी नेले की नवऱ्याच्या दृष्टीस शिल्लक पडे आणि ती काढून आणण्याचा तगादा सुरू होई. म्हणून बँकेची माणसेच सभासदांच्या दारी, बाजारात, कामाच्या जागी जाऊ लागली. नंतर कार्डाची आणि गुप्त क्रमांकाची कल्पना पुढे आली तेव्हा एका सभासद स्त्रीने ती नाकारली. क्रमांक कोणीही आपल्याकडून काढून घेईल, अंगठा कसा नेईल, असे तिचे म्हणणे होते. बँकेने तिचे ऐकले आणि व्यवहार अंगठ्याच्या ठशावर सुरू केला.