बर्फाच्या भरवशावर

राकसकोपच्या जलाशयावर कुणी जीप उभी केली आहे आणि पाण्याच्या मधोमध शेगडी पेटवून चहा करत बसले आहे, असे कुणी सांगितले तर आपण त्याला वेड्यात काढू. पण अमेरिकेच्या उत्तरेला, कॅनडाच्या सीमेला लागून असलेल्या मिनेसोटा राज्यात हिवाळा पडला की हे दृश्य गावोगावच्या तळ्यांवर दिसते. तळे गोठते. आधी माणसे त्यावर चालत जातात, मग मोटारी जातात, मग लाकडी खोपटी ओढून नेली जातात आणि पाहता पाहता पाण्यावर एक वस्तीच उभी राहते. तिथे जमलेल्यांचा उद्योग एकच, बर्फाला भोक पाडून मासे धरणे.

मिनेसोटा स्वतःला ‘दहा हजार तळ्यांचे राज्य’ म्हणवते. दहा एकरांहून मोठी तळी मोजली तर आकडा ११,८४२ भरतो. जानेवारीत तिथला पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत सहज उतरतो. अशा थंडीत माणसे घरात कोंडून राहतील असे आपल्याला वाटते. तिथले लोक मात्र लेकराबाळांसह तळ्यावर जातात. नोकरीनिमित्ताने आपल्याकडची मुलेही आता या राज्यात जाऊन राहिली आहेत. त्यामुळे ही मासेमारी नेमकी चालते कशी, हे समजून घ्यायला हरकत नाही.

वर बर्फ, खाली पाणी

सगळ्यात पहिला प्रश्न म्हणजे तळे गोठले तरी मासे जगतात कसे? याचे उत्तर पाण्याच्या एका विलक्षण गुणात आहे. बहुतेक पदार्थ थंड होतील तसे जड होत जातात. पाणी मात्र चार अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते आणि त्याहून थंड झाले की पुन्हा हलके होऊ लागते. त्यामुळे चार अंशांचे पाणी तळाशी बसते आणि त्याहून गार पाणी वर राहून गोठते. बर्फ पाण्याहून हलका, म्हणून तो तरंगतो आणि पांघरुणासारखा खालच्या पाण्याला जपतो. पाणी तळापासून गोठत आले असते, तर उथळ तळ्यात एकही मासा उरला नसता.

या पांघरुणाचा तोटाही आहे. बर्फावर हिमाचा जाड थर साचला की उजेड खाली पोचत नाही, पाणवनस्पती प्राणवायू तयार करू शकत नाहीत आणि उथळ तळ्यांत मासे गुदमरून मरतात. अशा काही तळ्यांत पंपाने हवा सोडतात. जिथे हवा सोडतात तिथला बर्फ पातळ राहतो, म्हणून त्या भागाभोवती धोक्याच्या पाट्या लावाव्या लागतात.

गिरमिट आणि झारा

या मासेमारीची हत्यारे पाहिली तर आपल्याला अगदी घरची वाटतील. सुताराच्या गिरमिटाचा मोठा भाऊ शोभेल असे पुरुषभर उंचीचे गिरमिट घेऊन बर्फाला सहा ते दहा इंच रुंदीचे भोक पाडतात. पूर्वी ते हाताने फिरवत, आता बॅटरीवर चालते. भोकात तरंगणारा बर्फाचा चुरा काढायला जे साधन असते, ते म्हणजे हुबेहूब आपला भजी तळायचा झारा! गळाची काठी जेमतेम दोन-तीन फुटांची, कारण भोक पायाशीच असते, लांब गळ फेकायचा प्रश्नच नाही. आमिष म्हणून अळी किंवा बारीक मासा लावतात आणि गळ हळूहळू वरखाली हलवत राहतात. दुसऱ्या एका प्रकारात भोकावर आडवे साधन ठेवतात. मासा लागला की त्यावरचे निशाण टपकन उभे राहते आणि पोरेटोरे ओरडत तिकडे धावतात.

ही कला गोऱ्यांनी शोधलेली नाही. ओजिब्वे आणि डकोटा हे तिथले मूळ रहिवासी. ओजिब्वे लोक पिढ्यान्‌पिढ्या बर्फाच्या भोकावर अंधार करून, लाकडात कोरलेला खोटा मासा पाण्यात नाचवत आणि त्याला भुलून आलेला मोठा मासा भाल्याने टिपत. हे लाकडी मासे आज कलावस्तू म्हणून संग्रहालयांत मांडलेले आहेत.

ट्राउटचे तळे

वॉलआय, पर्च असे मासे हिवाळ्यात पुष्कळ मिळतात, पण शौकिनांची खरी ओढ ट्राउटकडे. ट्राउट हा थंड आणि प्राणवायूने भरलेल्या पाण्यातला मासा. आपल्या देशात तो इंग्रजांनी काश्मीर, हिमाचल आणि निलगिरीच्या थंड ओढ्यांत आणून सोडला. हिमाचलात हिवाळा हा त्याच्या विणीचा काळ म्हणून तेव्हा ट्राउट धरायला बंदी असते. मग मिनेसोटात ऐन हिवाळ्यात परवानगी कशी?

कारण असे, की इंद्रधनुषी ट्राउटला अंडी घालायला वाहते पाणी आणि तळाशी स्वच्छ वाळूखडे लागतात. साठलेल्या तळ्यात त्याची वीण होत नाही. म्हणून सरकारी मत्स्यबीज केंद्रात वाढवलेले मासे ठरावीक तळ्यांत आणून सोडतात, काही ठिकाणी तर खास हिवाळ्यातल्या मासेमारीसाठी शरद ऋतूत सोडतात. ते धरले तरी पुढच्या पिढीचे नुकसान होत नाही. उत्तरेकडच्या खोल तळ्यांतला मूळचा ‘लेक ट्राउट’ मात्र तळ्यातच, खडकाळ तळावर अंडी घालतो. तो वयात यायलाच कित्येक वर्षे घेतो, म्हणून त्याच्या हंगामाचे आणि संख्येचे नियम कडक असतात.

नियमांच्या बाबतीत तिथे हयगय चालत नाही. मासेमारीचा परवाना हवा, ट्राउटसाठी वेगळा शिक्का हवा. इतर तळ्यांत बर्फातून दोन गळ टाकता येतात, ट्राउटसाठी राखलेल्या तळ्यांत एकच. तिथे जिवंत बारीक मासे आमिष म्हणून नेण्यासही बंदी आहे. निसटलेले मासे तिथेच वाढले तर ट्राउटच्या तोंडचा घास पळवतात. मार्चमध्ये ठरलेल्या तारखेच्या आत खोपटी बर्फावरून हलवावीच लागतात, नाहीतर ती बर्फाबरोबर तळाला जातील आणि पाणी नासवतील.

चार इंचांचा हिशेब

या सगळ्या हौसेचा पाया म्हणजे पायाखालचा बर्फ. राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याने त्याचा हिशेब घालून दिला आहे. नवा, स्वच्छ, काचेसारखा बर्फ किमान चार इंच असेल तर माणसाने चालावे. बर्फावर चालणाऱ्या स्कूटरला पाच ते सात इंच हवेत. छोट्या मोटारीला नऊ-दहा इंच आणि ट्रकला फूटभराहून अधिक. दुधाळ पांढरा बर्फ असेल तर त्याची ताकद निम्मीच धरायची, म्हणजे जाडी दुप्पट हवी. एवढे सांगूनही खाते बजावते, की पूर्ण सुरक्षित असा बर्फ नसतोच. झऱ्याजवळ, ओढ्याच्या तोंडाशी, पुलाखाली तो दगा देतो. एकाच तळ्यावर एका टोकाला फूटभर आणि दुसऱ्या टोकाला दोन इंच असू शकतो.

म्हणून अनुभवी माणूस हातात पहार घेऊन ठोकत ठोकत पुढे जातो आणि गळ्यात दोन अणकुचीदार टोचे अडकवतो. पाण्यात पडलाच, तर ते बर्फात रोवून स्वतःला बाहेर ओढता यावे म्हणून. खोपटीत शेगडी असेल तर वाऱ्याला वाट ठेवावीच लागते, कारण कोंडलेला धूर आणि विषारी वायू झोपेतच जीव घेतो.

ठोकताळे चुकू लागले

जुन्या माणसांना आपले तळे पाठ असते. अमुक सणाला चालता येते, अमुक आठवड्यात मोटार नेता येते, हे ज्ञान बापाकडून मुलाकडे येत राहिले. आता तेच कामी येईनासे झाले आहे. गेल्या पन्नास वर्षांत मिनेसोटातल्या तळ्यांवरचा बर्फाचा काळ सरासरी दीड ते दोन आठवड्यांनी घटला आहे. २०२३-२४ चा हिवाळा तर तिथल्या नोंदींतला सर्वांत उबदार ठरला. २९ डिसेंबर २०२३ रोजी अप्पर रेड लेक या तळ्यावरचा बर्फाचा मोठा तुकडा काठापासून सुटला आणि त्यावर अडकलेल्या शंभराहून अधिक लोकांची सुटका करावी लागली. ब्रेनर्ड गावाजवळ गल लेकवर दर जानेवारीत हजारो लोकांची धर्मादाय मासेमारी स्पर्धा भरते. २०२४ मध्ये पुरेसा बर्फ न धरल्याने ती रद्द झाली. हॉटेलवाले, आमिष विकणारे, खोपटी भाड्याने देणारे अशा सगळ्यांचा हंगाम बुडाला.

ट्राउटला तर दोन्हीकडून मार आहे. उन्हाळ्यात तळ्याचे पाणी तापले की खोलवरचा थंड आणि प्राणवायू असलेला पट्टा अरुंद होतो आणि त्याला राहायला जागा उरत नाही.

मृगाच्या भरवशावर धूळवाफेची पेरणी करून फसलेला आपल्याकडचा शेतकरी हे दुःख चटकन ओळखेल. नक्षत्र चुकले तर बियाणे जाते, दुबार पेरणी करता येते. बर्फाचा अंदाज चुकला तर माणूसच जातो.

म्हणून वाचकहो, तिकडे राहणाऱ्या लेकाने किंवा लेकीने फोनवर ‘आज मित्रांबरोबर तळ्यावर जातोय’ असे सांगितले, तर ‘जेवलास का, स्वेटर घातलास का’ हे आपण विचारूच. त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारावा, ‘बर्फ किती इंच आहे, आणि आज कुणी मोजला?’