सातेरीची पेटी आणि संगमेश्वरची झाडी

मधमाशीपालनावरची जुनी पुस्तकं बहुतेक थंड देशांत लिहिली गेली. त्यांत हिवाळ्याचं प्रकरण सगळ्यांत मोठं असतं. बर्फ पडण्याआधी पेटीत किती मध शिल्लक ठेवायचा, माश्यांना ऊब कशी मिळवून द्यायची, वगैरे. संगमेश्वरात त्या प्रकरणाचा काही उपयोग नाही. शास्त्री आणि सोनवी नद्यांच्या या मुलखात थंडी पडू लागली की काजू मोहरतो, पाठोपाठ आंबा मोहरतो आणि माशीची सुगी सुरू होते. तिचे हाल होतात ते पावसाळ्यात. मृगापासून हस्तापर्यंत इथे तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. फुलं असली तरी त्यांतला मकरंद धुऊन जातो, माशीला दिवसचे दिवस पेटीबाहेर पडता येत नाही, पोळ्याला बुरशी धरते.

उष्ण प्रदेशातली माशी समजून घ्यायची तर सुरुवात इथूनच करायला हवी. थंड देशातल्या माशीला हिवाळ्यात जायला कुठे जागाच नसते, म्हणून ती भरपूर साठवते आणि साठ्यावर दिवस काढते. आपल्याकडच्या माशीला दुसरी वाट मोकळी असते. चारा संपला, मुंग्यांचा त्रास वाढला, पेटी वरचेवर उघडली, की ती सगळं घर सोडून उडून जाते. मधपाळ याला पलायन म्हणतात. नव्याने पेटी घेतलेल्या शेतकऱ्याची पहिली निराशा हीच असते. एका सकाळी झाकण उघडावं तर आत रिकामी पोळी. त्यात माशीचा काही दोष नसतो. हजारो वर्षं ती अशीच जगत आली आहे. तिला धरून ठेवायचं असेल तर तिला राहावंसं वाटेल असं घर आणि अशी झाडी द्यावी लागते.

संगमेश्वर तालुक्यात चार प्रकारच्या मधमाश्या आढळतात. उंच झाडांवर आणि सह्याद्रीच्या कड्यांवर एकच भलंमोठं उघडं पोळं बांधणारी आग्या. ती हंगामाप्रमाणे दूरवर स्थलांतर करते आणि तिला पेटीत कोंडता येत नाही. झुडपाच्या फांदीवर तळहाताएवढं पोळं करणारी फुलोरी. मातीच्या भिंतीच्या फटीत राळेची बारीक नळी काढून राहणारी, नांगी नसलेली इवलीशी माशी. तिचा मध थोडासा आंबटसर आणि औषधाला म्हणून जपून ठेवण्याइतकाच निघतो. चौथी सातेरी. झाडाच्या ढोलीत, वारुळात, चिऱ्याच्या गडग्याच्या पोकळीत ती एकापुढे एक समांतर पोळी बांधते. अंधाऱ्या पोकळीत राहायची सवय असल्यामुळेच ती लाकडी पेटीत राहते. पाळायची माशी म्हणजे सातेरी.

पेटीमागे एक साधं निरीक्षण आहे. 1851 मध्ये लँगस्ट्रॉथ या अमेरिकन धर्मोपदेशकाच्या लक्षात आलं की, दोन पोळ्यांमध्ये साधारण बोटाच्या रुंदीपेक्षा कमी, ठरावीक अंतर ठेवलं तर माश्या ती फट मेणाने बुजवत नाहीत, ये-जा करायला मोकळी ठेवतात. त्यामुळे चौकट सुटी काढता येते, पाहता येते, पुन्हा जागेवर बसवता येते. पोळं पिळून मध काढण्याचं कारणच उरलं नाही. सातेरी युरोपातल्या माशीहून लहान, म्हणून तिची पेटीही लहान लागते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तिरुचिरापल्लीकडे फादर न्यूटन यांनी या माशीच्या मापाची पेटी तयार केली आणि दक्षिणेत अनेकांना शिकवली.

वसाहत पेटीत भरण्याचं काम एकदा तरी जवळून पाहावं. ढोली सापडली की आधी थोडासा धूर देतात. मग एकेक पोळं देठाशी अलगद कापून घेतात. पिलाव्याचा, म्हणजे अंडी-अळ्यांचा भाग चौकटीत बसवून केळीच्या सोपटाने बांधतात. दोर काचतो, सोपट काचत नाही. चार-पाच दिवसांत माश्या पोळं चौकटीला मेणाने चिकटवतात आणि सोपट कुरतडून टाकतात. खरा शोध राणीचा असतो. इतर माश्यांपेक्षा लांबट, काळसर, पंखांनी अर्धंच पोट झाकलेलं अशी ती पोळ्याच्या काळोख्या बाजूला पळत असते. ती एकदा पेटीत गेली की बाकीच्यांना वेगळं आणावं लागत नाही. दारापाशी कामकरी माश्या पोटाचं टोक वर करून पंख फडफडवतात, त्या वासाने बाहेरचा घोळका ओळीने आत शिरतो. अंधार पडेपर्यंत पेटी तिथेच ठेवायची, कारण चाऱ्याला गेलेल्या माश्या परतायच्या असतात. रात्री दार बंद करून पेटी घरी आणायची. तिच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायच्या, नाहीतर मुंग्या एका रात्रीत वसाहत उठवतात.

महाराष्ट्रात हे ज्ञान टिकलं ते प्रामुख्याने घाटमाथ्यावर. महाबळेश्वरला राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे. तिथल्या जांभूळ, हिरडा, गेळा आणि कारवीच्या मधाला स्वतःची ओळख आहे. पुण्यात 1962 मध्ये खादी आयोगाने केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था सुरू केली. सातेरीवरचं देशातलं बरंचसं मूलभूत काम तिथे झालं. मे 2022 मध्ये महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर हे देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. मांघरात बहुतेक घरांत पेटी आहे, आणि गावाने आजूबाजूचं जंगल राखलंय. दुसरी गोष्ट नसती तर पहिली टिकली नसती. मंडळाच्या मधकेंद्र योजनेत प्रशिक्षण मिळतं, पेट्यांवर निम्मं अनुदान मिळतं आणि मध हमीभावाने घेतला जातो. कोकणातल्या शेतकऱ्यालाही ही योजना खुली आहे.

आता मुख्य प्रश्न: मिळतं किती? सातेरीच्या एका चांगल्या पेटीतून वर्षाला 5 ते 10 किलो मध. मेलिफेरा ही युरोपीय माशी, 1960च्या दशकात हिमाचलमधल्या नगरोटा इथे रुजवलेली, याच्या कितीतरी पट देते. पण तिला मोहरीसारखी मैलोन्‌मैल पसरलेली पिकं आणि पेट्या ट्रकवर चढवून फुलोऱ्यामागे फिरणारा मालक लागतो. कोकणचा पावसाळा आणि गांधीलमाशी तिला झेपत नाही. सातेरीला गांधीलमाशी ओळखीची आहे. जपानमध्ये सातेरीच्याच जातीच्या माशीवर अभ्यास झाला आहे: शेकडो माश्या गांधीलमाशीला वेढून गोळा करतात, स्नायू थरथरवून आतली उष्णता 46-47 अंशांपर्यंत नेतात आणि तिला मारतात. अंगावरची व्हरोआ गोचीड ओरबाडून काढण्याची सवयही सातेरीत आहे. याच गोचिडीने जगभरच्या मेलिफेरा पालकांना जेरीस आणलं आहे. सातेरीही अजिंक्य नाही. 1991-92च्या सुमारास थायी सॅकब्रूड या विषाणूने दक्षिण भारतातल्या तिच्या बहुसंख्य वसाहती संपवल्या. ज्या थोड्या तगल्या त्यांच्यापासून पुन्हा वंश वाढवावा लागला. बाजारातून कुठूनही पेट्या आणण्यापेक्षा आपल्या रानातली वसाहत धरावी, हे मी आग्रहाने सांगतो ते त्यामुळेच.

पण फक्त मधाचा हिशेब केला तर सातेरी नेहमीच तोट्यात दिसेल. तिची खरी कमाई फांदीवर मोजायला हवी. काजूच्या मोहरात नर फुलं जास्त आणि फळ धरणारी द्विलिंगी फुलं कमी; परागकण चिकट असल्यामुळे वाऱ्याने फारसे उडत नाहीत, कीटकच लागतात. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने दिलेल्या वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 अशा जाती बागेत लावल्या, खत घातलं, पण मोहरावर माशी फिरली नाही तर मोहर तसाच करपून गळतो. बाणवली नारळाच्या एकाच पोयीत नर फुलं आधी उमलून संपतात आणि मादी फुलं नंतर तयार होतात. पराग दुसऱ्या माडावरून यावा लागतो. शिवाय माड बारा महिने फुलतो, त्यामुळे भर पावसातही उघडीप मिळाली की माशीला पराग मिळतो. कोकणात माडाच्या वाडीजवळच्या पेट्या पावसाळा तुलनेने बऱ्या काढतात, त्यामागे हे कारण आहे. परसातली काकडी, कारलं, भोपळा यांचंही नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. आंब्याच्या बाबतीत सगळं श्रेय मधमाशीला देऊ नये. तिथे निरनिराळ्या माश्या आणि नांगी नसलेली छोटी मधमाशी यांचाही मोठा वाटा असतो. जगातल्या 115 प्रमुख पिकांपैकी 87 पिकं परागीभवनासाठी कमीअधिक प्रमाणात प्राण्यांवर, म्हणजे मुख्यतः कीटकांवर अवलंबून आहेत, असं 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीने दाखवलं.

माशीचं खाणं मात्र एका बागेवर भागत नाही. काजू-आंब्याचा मोहर संपला की जांभूळ, मग हिरडा, पावसानंतर सड्यावरची आणि बांधावरची रानफुलं, आणि सात-आठ वर्षांतून एकदा कारवी. ही साखळी कुठे तुटली की वसाहत अशक्त होते. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल फार थोडं आहे; बहुतेक झाडी खासगी मालकीची आहे आणि ती ठेकेदाराला विकून तोडली जाते. संगमेश्वरात अजून देवराया उभ्या आहेत, त्यांत पोकळ बुंध्याचे जुने बेहडे आणि आंबे आहेत, तिथे सातेरी नांदते. पण देवराईबाहेरचा डोंगर उघडा झाला तर माशीने देवराईत राहून खायचं काय?

दुसरं संकट फवारणीचं. तुडतुड्यांसाठी औषध मारावं लागतं हे बागायतदाराला कुणी सांगायला नको. मात्र मोहर पूर्ण फुललेला असताना, सकाळच्या उन्हात मारलेलं औषध तुडतुड्याआधी माशीला लागतं. माशी त्या विषासकट पेटीत परतते आणि दाराशी मेलेल्या माश्यांचा सडा पडतो. पुढे त्याच बागेत फळधारणा कमी झाली की दोष हवामानाला दिला जातो.

तिसरं संकट पेटत्या पलित्याचं. आग्याचं पोळं जाळून मध काढला की मधाबरोबर पिलावा जातो आणि जळालेल्या माश्या खाली ढीग होऊन पडतात. त्या पोळ्यावरची माशी आसपासच्या किती झाडांचं काम करत होती, हे जाळणाऱ्याच्या मनातही येत नाही. पोळ्याचा फक्त मधाचा कोपरा कापून पिलावा तसाच ठेवण्याची पद्धत आहे. ती शिकवली जाते आणि जमते.

ज्यांच्याकडे काजूची किंवा नारळाची बाग आहे, त्यांनी पावसाळा सरल्यावर निदान दोन पेट्या ठेवाव्यात. आधी प्रशिक्षण घ्यावं, मगच वसाहत आणावी. पहिल्या वर्षी मधाची अपेक्षा धरू नये. मध काढायचा तो पोळ्याची बहुतेक घरं मेणाने बंद झाल्यावर आणि पहिल्या पावसाआधी, नाहीतर दमट हवेत तो पातळ राहून आंबतो. पावसाळ्यात साखरेचा पाक द्यावा, पण तो माश्यांना जगवण्यापुरताच. मध म्हणून विकण्यासाठी नव्हे. मोहर फुललेला असताना फवारणी थांबवावी, टाळता येत नसेल तर माश्या घरी परतल्यावर संध्याकाळी करावी. शेजाऱ्यालाही हे सांगावं, कारण माशी सातबारा पाहून फिरत नाही. आणि डोंगरातली झाडी विकायची वेळ आलीच, तर जांभूळ, हिरडा आणि ढोलीचं जुनं झाड तेवढं सौद्यातून वगळावं.